प्रलयाच्या तारखा आणि भयाचा बाजार

२०२५ सालच्या फेब्रुवारी महिन्यात काही दिवस मुंबई शहराचे भवितव्य दूरचित्रवाणीच्या पडद्यावर टांगणीला लागले होते. ‘२०२४ वायआर४’ नावाचा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता खगोलशास्त्रज्ञांनी नोंदविली होती. तो आदळलाच तर ज्या पट्ट्यात कोठेतरी पडेल, तो पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक महासागर, आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया असा अर्ध्या जगावर पसरलेला होता. एवढ्या पसाऱ्यातून वाहिन्यांनी नेमकी मुंबई उचलली. आगीचे लोळ, कोसळणाऱ्या इमारती, छाती दडपणारे पार्श्वसंगीत आणि चर्चेला बसलेले ज्योतिषी असा सगळा सरंजाम उभा राहिला.

१८ फेब्रुवारीला ही शक्यता ३.१ टक्क्यांवर पोहोचली. इतक्या आकाराच्या कोणत्याही लघुग्रहाबाबत तोपर्यंत नोंदविला गेलेला हा सर्वांत मोठा आकडा होता. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांत, २४ फेब्रुवारीला, तो ०.००४ टक्क्यांवर आला. पृथ्वीला असलेला धोका संपला. परंतु ज्या आवाजात संकटाची द्वाही फिरविली गेली, त्या आवाजात ते टळल्याची वार्ता कोणी सांगितली काय? भीती घरोघर पोहोचविणाऱ्यांनी दिलासा मात्र पोहोचविला नाही. ज्या घरांतील मुलांनी ती दृश्ये पाहिली, त्यांपैकी कित्येकांच्या मनात २०३२ सालची ती तारीख आजही तशीच रुतून बसलेली असेल.

ही घटना अपवादात्मक असती तर तिच्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. वास्तविक हा एक जुना आणि किफायतशीर धंदा आहे. माल एकच, तारीख तेवढी नवी. म्हणूनच त्याची झाडाझडती घेणे आवश्यक ठरते.

शंभर घरांतील साप

आधी त्या ३.१ टक्क्यांचा अर्थ पाहू. नेमके येथेच सामान्य माणसाची फसगत होते. शक्यता एक टक्क्यावरून तीन टक्क्यांवर गेली, म्हणजे लघुग्रह अधिक जवळ आला, संकट तिप्पट झाले, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तसे काहीही घडलेले नसते.

शंभर घरांच्या एखाद्या गावात सायंकाळी साप शिरला, अशी कल्पना करावी. तो कोणत्या घरात आहे हे ठाऊक नाही. तेव्हा प्रत्येक घरात तो असण्याची शक्यता शंभरात एक. सर्पमित्र एकेक घर तपासू लागतो. अडुसष्ट घरे तपासून झाली, साप सापडला नाही. आता उरली बत्तीस घरे. त्या बत्तिसांतील प्रत्येक घरापुरती शक्यता आता बत्तिसात एक, म्हणजे ३.१ टक्के झाली. साप कोणाच्याही घराकडे एक वीतभरही सरकलेला नाही. शोध तेवढा पुढे गेला आहे. पुढच्या काही घटकांत तो कोणाच्या तरी गोठ्यात सापडतो आणि इतर एकतीस घरांपुरती शक्यता एकदम शून्यावर येते.

लघुग्रहाच्या बाबतीत असेच होते. प्रारंभीच्या थोड्या निरीक्षणांवरून त्याच्या कक्षेची अंधुक रेघ काढता येते. जसजशी निरीक्षणे वाढतात, तसतसा अनिश्चिततेचा पट्टा आक्रसत जातो. पृथ्वी त्या पट्ट्यात आहे तोवर टक्केवारी वाढताना दिसते आणि पट्टा पृथ्वीच्या बाजूला सरकला की ती एकदम कोसळते. जाणकार खगोलशास्त्रज्ञांनी हे त्याच वेळी सांगितले होते. ‘वायआर४’ची टक्केवारी आधी वाढेल आणि मग बहुधा शून्याकडे जाईल, हे त्यांना अनपेक्षित नव्हते. परंतु हा खुलासा मांडला की प्रेक्षक निश्चिंत होऊन झोपी जातो आणि झोपी गेलेल्या प्रेक्षकाचा जाहिरातदाराला उपयोग नसतो.

धोका आहे, पण त्याची गणना आहे

याचा अर्थ आकाशातून काहीच पडत नाही, असा नव्हे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोतील युकाटान द्वीपकल्पाजवळ सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला आणि डायनोसॉरचे युग संपले. ३० जून १९०८ रोजी सैबेरियातील तुंगुस्का येथे आकाशातच झालेल्या स्फोटाने सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरवरील अरण्य आडवे केले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे वीस मीटर व्यासाचा पाषाण फुटला आणि जवळजवळ दीड हजार माणसे जखमी झाली, बहुतेक खिडक्यांच्या फुटलेल्या काचांनी. उजेड पाहून लोक खिडकीशी धावले आणि मागाहून आलेल्या धक्क्याने काचा अंगावर आल्या. प्रखर उजेड दिसताच खिडकीपासून दूर व्हावे, एवढी साधी गोष्ट ठाऊक असती तर त्यांतील कित्येक जखमा टळल्या असत्या.

तेव्हा प्रश्न धोका आहे की नाही हा नसून तो किती आहे आणि त्यावर कोणाचे लक्ष आहे, हा आहे. पृथ्वीच्या कक्षेजवळ येणारे चाळीस हजारांहून अधिक लघुग्रह २०२५ सालअखेरपर्यंत शोधले गेले. जागतिक विनाश घडवू शकतील अशा, एक किलोमीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक ज्ञात आहेत आणि त्यांपैकी एकही येत्या शंभर वर्षांत पृथ्वीवर आदळण्याच्या मार्गावर नाही. १४० मीटरहून मोठ्या, म्हणजे एखादा प्रांत उद्ध्वस्त करू शकणाऱ्या लघुग्रहांपैकी निम्म्याहून कमी अद्याप सापडले आहेत. खरे काम शिल्लक आहे ते येथे. ते वेगाने चालू आहे. चिलीमधील व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५ साली आपल्या पहिल्या काही रात्रींच्या निरीक्षणांतच दोन हजारांहून अधिक नवे लघुग्रह टिपले.

लक्ष ठेवण्याच्या पुढचे पाऊलही पडले आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या ‘डार्ट’ या यानाने डिमॉर्फस या सुमारे १६० मीटर व्यासाच्या लघुग्रहाला जाणूनबुजून धडक दिली. आपल्या जोडीदाराभोवती फिरण्याचा त्याचा काळ अकरा तास पंचावन्न मिनिटांवरून अर्ध्या तासाहून अधिक घटला. एका खगोलीय पिंडाची वाट मनुष्याने बुद्ध्या बदलल्याचे मानवी इतिहासातील हे पहिलेच उदाहरण. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपचे ‘हेरा’ यान त्या धडकेचा परिणाम तपासण्यासाठी निघाले. जे संकट गणिताने आधी कळते आणि यत्नाने टाळता येते, त्यापुढे थरथर कापत बसणे हे शहाणपण नव्हे.

उलटून गेलेल्या तारखांची जंत्री

आता प्रलयाच्या व्यापाऱ्यांची आजवरची वही उघडून पाहावी. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरविला. अनेकांनी शेतातील पीक उभेच ठेवले. तो दिवस गेला आणि अमेरिकेच्या इतिहासात ‘महान निराशा’ या नावाने उरला. १९१० साली हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीतून पृथ्वी जाणार असे कळताच त्या शेपटीतील विषारी वायूने सर्व जीव मरतील, अशी अफवा पसरली आणि अमेरिकेत चक्क ‘धूमकेतूवरील गोळ्या’ विकल्या गेल्या. १० मार्च १९८२ रोजी ग्रहांच्या युतीमुळे कॅलिफोर्नियात महाभूकंप होणार होता, झाला नाही. १९९९ साठी नॉस्ट्रॅडॅमस होता. २१ मे २०११ हा अंतिम न्यायाचा दिवस म्हणून हॅरॉल्ड कॅम्पिंग या अमेरिकन धर्मोपदेशकाने जाहीर केला. तो उलटताच २१ ऑक्टोबर ही नवी तारीख दिली. २१ डिसेंबर २०१२ ला माया संस्कृतीच्या कालगणनेतील एक आवर्तन पूर्ण होत होते. दिनदर्शिकेचे पान संपले की भिंत कोसळते, एवढाच त्या भाकिताचा तर्क होता.

ही जंत्री हसून सोडून देण्याजोगी असती, परंतु तिच्यात प्रेतेही आहेत. मार्च १९९७ मध्ये हेल-बॉप धूमकेतूच्या निमित्ताने कॅलिफोर्नियातील एका पंथाच्या एकोणचाळीस जणांनी सामूहिक आत्महत्या केली. सप्टेंबर २००८ मध्ये जिनिव्हाजवळील महाकाय कणत्वरक सुरू होताना पृथ्वी कृष्णविवरात गडप होणार, असा घोष भारतीय वाहिन्यांनी दिवसरात्र लावला होता. त्या धास्तीने मध्य प्रदेशातील एका किशोरवयीन मुलीने जीवन संपविल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. पृथ्वी होती तेथेच राहिली. ती मुलगी मात्र गेली. तिच्या मृत्यूचे उत्तरदायित्व कोणत्या वाहिनीने स्वीकारले? ज्या देशात औषधाच्या बाटलीवर धोक्याची सूचना छापावी लागते, त्या देशात भीती विनासूचना विकण्याची मुभा असावी, हे आश्चर्य होय.

दोष सारा परकीयांचा आणि वाहिन्यांचा, असे म्हणून सुटका करून घेणेही अप्रामाणिकपणाचे ठरेल. फेब्रुवारी १९६२ मधील अष्टग्रहीचे उदाहरण आपल्याच घरातले आहे. सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे केतूसह मकर राशीत एकत्र आले आणि ३ ते ५ फेब्रुवारी या काळात जग बुडणार, अशी हवा देशभर पसरली. ठिकठिकाणी यज्ञ झाले, प्रवास रद्द झाले, व्यवहार थंडावले. काहीही घडले नाही. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला संकट आले खरे, पण ते मकर राशीतून नव्हे, हिमालयाच्या खिंडींतून आले. चीनचे सैन्य उतरले तेव्हा आपल्या जवानांपाशी पुरेसे गरम कपडे नव्हते. आकाशातील आठ ग्रहांसाठी जेवढी चिंता वाहिली गेली, तिचा दशांश सीमेवरील चौक्यांच्या वाट्याला आला असता तर इतिहास कदाचित निराळा झाला असता. पुढे काही ज्योतिषांनी ‘अष्टग्रहीचे फळ हेच’ असे सांगितले. घटना घडून गेल्यावर कळणाऱ्या भाकिताला भाकीत म्हणत नाहीत.

१९७९ सालचे ‘स्कायलॅब’ही ज्येष्ठांच्या स्मरणात असेल. ते डोक्यावर पडणार म्हणून गावोगावी लोक हवालदिल झाले होते. ११ जुलै रोजी ते हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात कोसळले. कोणी दगावले नाही.

कल्प मोजणाऱ्यांना कसली धास्ती?

हिंदू समाजाने या भयाला बळी पडावे, यासारखा विरोधाभास नाही. जेथे काळ हा एका बिंदूपासून निघून अंतिम न्यायाच्या दिवसापाशी थांबणारी रेषा मानला जातो, तेथे ‘तो दिवस कोणता?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा उठणे समजू शकते. तेथील विचारवंतांनी आणि धर्मपीठांनीही तारखा ठरविणाऱ्यांना वेळोवेळी फटकारले आहे. परंतु ज्या परंपरेत काळ हे चक्र आहे, सृष्टीनंतर प्रलय आणि प्रलयानंतर पुन्हा सृष्टी आहे, तिने ही उसनी धास्ती अंगावर का घ्यावी?

घरातील साध्या पूजेच्या संकल्पाकडे पाहावे. पूजेला बसणारा गृहस्थ श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे कलियुग आणि त्याचे प्रथम चरण उच्चारून मग आपले गाव आणि तिथी सांगतो. एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा. कलियुग ४ लाख ३२ हजार वर्षांचे, आणि त्यातील जेमतेम पाच हजार एकशे काही वर्षे सरली आहेत. परंपरेच्याच हिशेबाने अद्याप सव्वाचार लाखांहून अधिक वर्षे शिल्लक आहेत. जो माणूस सकाळी हा संकल्प सोडतो आणि सायंकाळी ‘कलियुगाचा अंत जवळ आला’ म्हणून ताईत विकत घेतो, त्याने संकल्प म्हटला असेल, ऐकला मात्र नाही. ही पौराणिक गणना म्हणजे आधुनिक खगोलशास्त्र होय, असा दावा करण्याचे येथे कारण नाही. कालाच्या विराटतेपुढे न घाबरता उभे राहण्याची सवय तिने या समाजाला लावली, एवढे तिचे मोल पुरेसे आहे.

ज्ञानाची आपली परंपराही भित्री नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये ग्रहणे ही छायेमुळे होतात, हे स्पष्ट सांगितले. वराहमिहिराने बृहत्संहितेत केतूंची शुभाशुभ फले दिली, पण त्यांचे उदयास्त गणिताने कळत नाहीत, हेही प्रांजळपणे नोंदविले. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणण्याचे धैर्य त्याच्यापाशी होते. आजच्या पडद्यावरील भविष्यवेत्त्यांपाशी ते नाही. स्वामी विवेकानंदांनी अशा गूढ गोष्टींचे वेड हे दुर्बल मनाचे लक्षण मानले आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांनी विज्ञाननिष्ठ निबंधांतून याच दुर्बलतेवर आसूड ओढले. या दोघांच्या तसबिरी भिंतीवर लावून त्यांच्या शिकवणुकीकडे पाठ फिरविणे हा त्यांचा सन्मान नव्हे.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे तर या वृत्तीचे जिवंत स्मारक आहे. बसाल्ट खडकात अशनीच्या आघाताने पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर जगातील दुर्मिळ भूवैशिष्ट्यांत गणले जाते. आकाशातून कोसळलेल्या संकटाची ही प्रत्यक्ष खूण. समाजाने तिचे काय केले? तेथे लवणासुराच्या वधाची कथा सांगितली, काठावर मंदिरे उभारली, गावात दैत्यसूदनाचे देखणे देवालय घडविले. अन्यत्र जी जागा भयकथेची झाली असती, ती येथे तीर्थ झाली.

खरी संकटे कोणती?

भयाच्या बाजाराचा सर्वांत मोठा अपराध म्हणजे तो समाजाचे लक्ष चुकीच्या दिशेला वळवितो. डिसेंबर २००४ च्या अखेरीस ‘अपोफिस’ या लघुग्रहाच्या आघाताची शक्यता २.७ टक्क्यांवर गेली होती. जगभरचे गणिती त्यात गुंतले असतानाच २६ डिसेंबरला सुमात्राजवळ समुद्रतळ हादरला आणि त्सुनामीने लाखांवर माणसे गिळली. हिंदी महासागरात तेव्हा पूर्वसूचनेची व्यवस्थाच नव्हती. हैदराबाद येथे ती ऑक्टोबर २००७ मध्ये कार्यान्वित झाली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर प्रेते उचलणाऱ्या सेवाभारतीच्या कार्यकर्त्यांना कोणत्याही भविष्यवेत्त्याने आधी कळविले नव्हते.

महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला माणसे मेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. ३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी डोंगराच्या मलब्याखाली गेली. घराचे बांधकाम, डोंगरउतारावरील वस्ती, पावसाळ्यातील सूचना, गावातील प्रशिक्षित तरुण हे सारे विषय कंटाळवाणे आहेत. त्यांवर पार्श्वसंगीत वाजत नाही. परंतु जीव वाचतात ते त्यांनीच. लघुग्रहाच्या भीतीने रात्रभर जागणाऱ्या कुटुंबाने आपल्या इमारतीचे खांब तपासून घेतले, तर त्या जागरणाचे सार्थक होईल.

२०२९ ची कसोटी

आता एक तारीख मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे, भिण्यासाठी नव्हे, सिद्धतेसाठी. सुमारे ३५० मीटर व्यासाचा तोच अपोफिस १३ एप्रिल २०२९ रोजी, भारतीय वेळेनुसार १४ एप्रिलच्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास, पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. दूरसंचाराचे भूस्थिर उपग्रह याहून दूर असतात. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या काही भागांतून तो नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकेल. तो आदळणार नाही. मार्च २०२१ मधील रडार निरीक्षणांनंतर निदान पुढील शंभर वर्षांपुरता त्याचा धोका निकालात निघाला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२९ हे वर्ष लघुग्रहविषयक जागृतीचे आणि ग्रहसंरक्षणाचे वर्ष म्हणून घोषित केले आहे.

पण बाजार हे सांगणार नाही. पाश्चात्त्यांना अशुभ वाटणारी तेरा तारीख आणि शुक्रवार, त्यात आपल्याकडची अमावास्याही त्याच सुमारास, एवढे भांडवल हाती असताना व्यापारी गप्प बसतील हे संभवत नाही. शांतिकर्मांचे दर ठरतील, यंत्रे आणि ताईत विकले जातील, वाहिन्यांवर उलटी गणती सुरू होईल.

त्याआधीच कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत पोहोचले पाहिजे. शाळांतून, गणेशोत्सवाच्या व्याख्यानमालांतून, महिला मंडळांच्या बैठकांतून शंभर घरांतील सापाचे हे साधे गणित सांगता येईल. मुलांना गच्चीवर नेऊन आकाश दाखविता येईल. ज्याला मृग आणि सप्तर्षी ओळखता येतात, त्याला आकाशाची भीती सहसा वाटत नाही. २०२४ मध्ये इस्रोने ग्रहसंरक्षणावर कार्यशाळा घेतली. लडाखमधील हानले येथे भारताची दुर्बीण आकाश पाहते आहे. चंद्राच्या दक्षिण ध्रुवप्रदेशानजीक यान उतरविणाऱ्या राष्ट्राने उद्या एखादा लघुग्रह शोधून, त्याची वाट मोजून, जगाला सूचना द्यावी, ही आकांक्षा आजच्या विद्यार्थ्यांत रुजविली पाहिजे.

श्रद्धा माणसाला उभे करते आणि भय त्याला वाकविते. जे भय देवाधर्माच्या नावाने विकले जाते, ते धर्माचेच नुकसान करते, कारण तारीख उलटल्यावर लोक व्यापाऱ्याला नव्हे, धर्माला हसतात. २०२९ च्या त्या पहाटे हिंदू घरांतून अपोफिसविषयी मंत्रतंत्रांची कुजबुज ऐकू येते की कुतूहलाने विचारलेले मुलांचे प्रश्न, यावर या समाजाची परीक्षा होईल. उत्तराची तयारी करण्यास अद्याप अवधी आहे.